उजव्या कुशीची चीर

सकाळी स्कूटर पुसताना माझं नख पत्र्यात अडकलं. उजव्या बाजूला इंजन झाकणारा जो फुगीर पत्रा असतो, त्याच्या पुढच्या हुकाखाली. फडकं बाजूला केलं, बोट थुंकीनं ओलं करून फिरवलं. रेघ पुसली गेली नाही. ओरखडा नव्हता, चीर होती; हुकाच्या भोकातून निघून खाली तिरपी उतरलेली. मी उकिडवा बसलो तो बसलोच. दौंडला जायच्या आधी ही चीर नव्हती. ह्याच दगडावर बसून ह्याच फडक्यानं मी ही बाजू पुसली होती, आणि मग दोन दिवस मी दौंडच्या हापिसात होतो आणि स्कूटर इथं शिरूरला, माझ्या दारात, ताडपत्रीखाली. माठ चिरतो, भिंत चिरते, उन्हाळ्यात माणसाच्या टाचा चिरतात. पण उभ्या गाडीचा पत्रा आपोआप चिरत नाही. म्हणजे गाडी उभी नव्हती. एवढं मला चहाच्या आधीच कळलं.

रतन चहा घेऊन बाहेर आली. नवरा सकाळच्या पारी गाडीपुढं बसून पत्र्यावर बोट फिरवतोय म्हटल्यावर कुठलीही बायको विचारील, काय झालं. रतननं विचारलं नाही. माझ्याकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, कप दगडावर ठेवला आणि म्हणाली, “निवतुया.” एवढंच. आणि आत गेली. मला चिरीपेक्षा ते जास्त लागलं. आत गेल्यावर ती आईशी काहीतरी बोलली आणि आई हूं म्हणाली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. माझ्या घरात माझ्या पाठीमागं जे बोललं जातं ते कधीच ऐकू येण्याएवढं मोठ्यानं बोललं जात नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघतोय. मी उंबऱ्यात पाय ठेवला की भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा बंद होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिरीचं काय घेऊन बसलाय. तर ही स्कूटर म्हणजे नवी नंबर लावून मिळालेली नव्हे. नव्या गाडीला नंबर लावून माणसं म्हातारी होतात. ही इटलीच्या बनावटीची जुनी, वीसेक वर्षांची, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची. तो बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि कपाटं, ग्रामोफोन, कोंबड्या, सगळंच विकत होता. आबा, माझे वडील, त्याच साली गेले होते. त्यांच्यामागं मेंढरं कोण बघणार? मी पाटबंधारे खात्यात कारकून, दौंडला दोन-दोन दिवसांच्या मुक्कामी खेपा करणारा, धाकटा म्हस्कू पाटसच्या साखर कारखान्यात. मेंढरं म्हाळूमामांना दिली, आईच्या भावाला, म्हणजे घरातल्या घरातच राहिली असं मी आईला समजावलं, आणि त्या पैशातून ही स्कूटर आणली.  गाडी दारात आली तेव्हा तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरून असा हात फिरवला, जसा गाभण मेंढीच्या कुशीवरून फिरवतात. दाबून, खाली हात घालून. मग म्हणाली, “अंगानं चांगली हाय.” शेजारच्या वच्छलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मलाच लाज वाटली होती.

तर त्या दिवसापासून गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम. किल्ली खुंटीवर, कारण खिशात ठेवली तर दौंडच्या एष्टीत कुणी मारली म्हणजे? पण खुंटीवरच्या किल्लीचं तोंड भिंतीकडं आहे का दाराकडं हे मी जाताना बघून ठेवायचो. टाकीत कडब्याचं ताट, ज्वारीचं वाळकं धाट, बुडवून पेट्रोल किती ते बघून जायचो आणि आल्यावर पुन्हा बुडवायचो. आणि एक सवय. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत उतार आहे. तिथं मी इंजन बंद करायचो आणि गाडी आवाज न करता दारात आणून लावायचो. पेट्रोल वाचतं, असं मी सांगायचो. पेट्रोल वाचायचंच, ते काही खोटं नाही. पण बिनआवाज दारात आलं, की घर जसं असतं तसं दिसतं. बहुतेक वेळा काही नसायचं. रतन तांदूळ निवडत असायची, आई वाकळ शिवत असायची. पण काही नाही म्हणून माणसाचं समाधान होतं का? आज नाही एवढंच कळतं.

मी रतनला त्या दिवशी विचारलं. साधंच विचारलं, आवाज न चढवता. “गाडी कुणी हलवली होती?” ती पीठ मळत होती. म्हणाली, “मला काय ठावं. मांजर बसतं तिच्यावर.” मांजराच्या वजनानं पत्रा चिरतो होय. मी तिच्या हाताकडं बघत राहिलो. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, घट्टा आला होता. तो मी आधी कधी बघितला नव्हता. जात्याचा घट्टा असा नसतो. तिनं हात पिठात घातला. कोपऱ्यात आई पाय पसरून बसली होती आणि तिच्यापाशी कसला तरी उग्र वास येत होता, करंजेलाचा. “गुडघ्याला लावलंय,” आई म्हणाली, मी काही विचारायच्या आधीच. त्या घरात त्या दिवशी मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिळत होती आणि विचारलेल्यांची नव्हती.

पुढच्या खेपेला मी तो पत्रा सोडवला, गोणपाटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एष्टीनं दौंडला गेलो. कंडक्टर म्हणाला, “काय हाय ह्यात?” म्हटलं पत्रा. तो म्हणाला, “कशाचा?” सगळी एष्टी माझ्याकडं बघायला लागली, जसा काही मी सरकारी गोदामाचा पत्रा उचकटून चाललोय. न्हावऱ्यापर्यंत एक म्हातारा गोणपाटाला बोट लावून चाचपत होता. मला त्याच्या बोटाचा राग आला आणि लगेच वाटलं, आपण रोज दुसरं काय करतो. पण असला विचार फार वेळ टिकत नाही. खड्डा आला, पत्रा बरगडीत बसला.

दौंडला स्टेशनामागं मच्छिंद्र गायकवाडचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रे आणि आत बाबासाहेबांचा फोटो, गॅसचा बाटला, ठोकळे आणि हातोड्या. मच्छिंद्र लोको शेडात होता, चौऱ्याहत्तरच्या संपात नोकरी गेली, ती परत मिळायची होती आणि मिळत नव्हती. तोवर तो स्कूटरी आणि दुधाचे कॅन झाळायचा. तोंड मात्र रेल्वेचंच, सारखं चालू. त्यानं पत्रा उजेडात धरला, उलटा केला, आतून बोट फिरवलं. म्हणाला, “साहेब, रबर कुठंय हितलं?” हुकाखाली रबराची चकती असते म्हणे, ती वाळून गळून पडली होती आणि मला पत्ता नव्हता. “रबर गेलं की पत्रा पत्र्यावर नाचतो. मग भोकापाशी चीर पडती. आन् चीर पडली की ती थांबत न्हाई, पळती.” मग त्यानं चिरीच्या अगदी शेवटाला बारीक भोक पाडलं. मी म्हटलं, “अरे, आहे ते भोक काय थोडं झालं?” तर म्हणाला, “चिरीला आडवायचं तर तिच्या म्होरं जाऊन बसावं लागतं. भोक गोल आसतं, तिला म्होरं जायाला कोपरा घावत न्हाई.” मग गॅस पेटवला, पितळेची काडी लावून चीर झाळली. निळ्या ज्योतीकडं बघू नका म्हणाला, म्हणून मी बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत बसलो.

झाळून झाल्यावर त्यानं पत्रा पाण्यात न बुडवता तसाच निवायला ठेवला, आणि निवता निवता त्याला ते दिसलं. चिरीच्या खाली, पुढच्या कडेला, चार-दोन पोचे होते. मला ते रस्त्यावरून उडालेल्या खड्यांचे वाटले होते. मच्छिंद्रनं तिरपं करून दाखवलं. प्रत्येक पोचा अर्ध्या कड्यासारखा होता, खालच्या अंगाला खोल. “ही चीर नुसती हादऱ्यानं न्हाई पडली,” तो म्हणाला. “हितं काय तरी लागतंय. सारखं. एकाच जागी.” आणि मग डोळा मिचकावून, “मागं कोण बसतं तुमच्या?” मी म्हटलं, मंडळी बसतात, क्वचित. “बाईमाणूस डावीकडं पाय सोडून बसतं. हे उजवीकडं हाय. दोन्हीकडं पाय टाकून बसणारा गडी हाय ह्यो. आन् नाल ठोकल्याला बूट हाय पायात. डाव्या पत्र्यावर बी आसंल बघा आसंच.” एवढं सांगून त्यानं बिडी शिलगावली आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला. नाल ठोकलेला बूट. दौंडला जिकडं बघावं तिकडं असले बूट, रेल्वे पोलिसांचे, राखीव दलाच्या जवानांचे. त्या दोन दिवसांत मी हापिसात एकही आवक-जावक धड केली नाही. प्लॅटफॉर्मवर, हॉटेलात, रस्त्यात माणसांचे पाय बघत हिंडलो.

शिरूरला आल्यावर मी आधी घरात गेलो नाही. गाडीपाशी बसलो, ताडपत्री उचलली, डाव्या बाजूचा पत्रा उजेडाकडं करून बघितला. होते. तसेच अर्धकडे, त्याच उंचीवर.  मच्छिंद्रचं बरोबर निघालं याचा आनंद व्हावा तर कसला आनंद. माझ्या मागं माझी गाडी बाहेर जाते. तिच्यावर बुटाचा गडी बसतो. किल्ली घरातून दिली जाते, म्हणजे रतन देते. आणि पेट्रोल मात्र ताटाला तेवढंच लागतं, म्हणजे कुणीतरी हिशेबानं परत भरतं. चोर एवढी काळजी घेत नाही, घरचा माणूस घेतो. घरचा माणूस कोण? म्हस्कू. म्हस्कूला गाडी चालवता येते, मीच शिकवली. कारखान्यातनं त्याला बूट मिळालेत. सुट्टीला तो आमच्याकडं येतो, वैनी वैनी करत चुलीपाशी बसतो, आणि मी आत गेलो की दोघंही उठतात. मी हे सगळं दगडावर बसून जुळवत होतो तेव्हा वच्छलाबाई पाण्याची कळशी घेऊन गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “तुमची स्कूटर लई गुणाची हाय वो, भावजी.” आणि हसल्या. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून.

मी तेव्हा काय ठरवलं ते सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. हे खरं निघालं तर रतनला माहेरी पोचवायची आणि म्हस्कूचं तोंड बघायचं नाही. आई माझ्याकडं राहील. बस्स. हे ठरवून मी जेवायला बसलो आणि रतननं वाढलेली भाकरी मोडली. भाकरी चांगली झाली होती. लग्न झालं तेव्हा ती एवढीशी होती, भाकरीला भोकं पडायची, आणि आई तिला पाठीमागून हात धरून थापायला शिकवायची. मला तिची ती वाकलेली पाठ आठवली आणि घास तोंडात फिरायला लागला. ह्या बाईला मी टाकणार आहे, असं मी मनाशी म्हणून बघितलं. मन म्हणालं, टाकणार आहेस. आणि लगेच म्हणालं, पण खरं निघू नये. मी देवाला असं काही कधी मागितलं नव्हतं.

म्हस्कू पुढच्या सुट्टीला आला तेव्हा बूट दाराशी काढून आत गेला. मी बाहेरच थांबलो आणि बूट उलटे करून बघितले. रबरी तळ. नाल नाही, खिळा नाही, काही नाही. तेवढ्यात म्हस्कू तांब्या घ्यायला बाहेर आला. मी त्याचा बूट हातात धरून उभा. तो बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, तुला व्हत न्हाईत, माझा पाय बारका हाय.” मी बूट खाली ठेवला. तो हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा अपराध समजलो. आता वाटतं, ती भीती होती. पण नाल नाही म्हणून म्हस्कू सुटला असं थोडंच आहे; बसणारा वेगळा, चालवणारा वेगळा. माझ्या डोक्यात गाडीवर एकेक माणूस चढत होता आणि उतरत कुणीच नव्हतं.

मग मी पत्रा बसवला, नवं रबर घालून, आणि नेहमीसारखा दौंडला निघालो. रतननं डबा दिला. आई म्हणाली, “परवा येशील न्हवं?” म्हटलं, नेहमीसारखं. तिला एवढी काय चौकशी, असं मनात आलं, पण तिच्यावर मी संशय घेतला नव्हता. आईवर कुणी संशय घेतं का. शिरूर सोडून एष्टी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली आणि चढ संपल्यावर पहिल्या थांब्याला मी उतरलो. माझा हिशेब साधा होता. गावात गाडी फिरवली तर बाजारपेठेत कुणीतरी मला सांगितलं असतं. नगर-पुण्याच्या हमरस्त्यावर चोरटी गाडी कुणी घालत नाही. राहिला हा रस्ता. मी चढाच्या डोक्यावर बाभळीमागं बांधावर बसलो. डबा मांडीवर. सुगी झालेली, रानं मोकळी, ऊन पाठीवर. दूर घोडनदीकडं कुणाची तरी मेंढरं बसवलेली दिसत होती, पांढरी-काळी. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तो वास मला आवडत नाही असं मी हापिसात सांगत आलोय. खरं तर वारा तिकडून आला की मी तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचो, नाकाला कळू नये म्हणून.

दुपार कलायच्या आत आवाज आला. मी तो आवाज हजारांत ओळखीन. गाडी खालून चढाला लागली होती आणि दुसऱ्या गिअरात घालायला उशीर झाला होता, इंजन कुथत होतं. मी बाभळीच्या खोडाला चिकटलो.  आधी हँडल दिसलं. मग चालवणारा. हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला. माझा टॉवेल. रतन. दात ओठात रोवून, कोपरं ताठ धरून, रतन माझी स्कूटर चालवत होती. तळव्यावरचा तो घट्टा क्लचचा नव्हे, क्लच डावीकडं. तो उजवीकडचा, मूठ पिळल्याचा. आणि तिच्या मागं दोन्हीकडं पाय टाकून, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, एक हात रतनच्या खांद्यावर आणि एक हात हवेत धरून माझी आई बसली होती. चढ लागला तशी ती पुढं वाकली आणि तिनं दोन्ही टाचा गाडीच्या कुशीत मारल्या. “हुर्र,” ती गाडीला म्हणाली. “चल गं बाय. चल, चल.” आणि पुन्हा मारल्या. ठण्ण. पायात आबांच्या वहाणा होत्या.

त्या वहाणा. जाड कातड्याच्या, टाचेला लोखंडी नाल, डोंगरातल्या काट्याखड्यांसाठी कोरेगावच्या चांभाराकडनं करून घेतलेल्या. आबा गेल्यावर आईनं त्या फडक्यात बांधून दाराआड ठेवल्या होत्या. करंजेल तिनं गुडघ्याला लावलं नव्हतं, कातड्याला लावलं होतं. मी लहान असताना आमचं बिऱ्हाड तट्टावर असायचं. वर वाकळा, भांडी, कोंबडीची पाटी, आणि त्या सगळ्यावर आई, दोन्हीकडं पाय टाकून, मांडीत म्हस्कू. चढ आला की ती तशाच टाचा मारायची. बायांनी एका बाजूला पाय सोडून बसायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, तिचा पोरगा, पोलिसांचे पाय तपासत दौंडभर हिंडलो होतो.

चढाच्या डोक्यावर, बाभळीच्या अलीकडंच, इंजन बंद पडलं. रतन पाय टेकून म्हणाली, “आत्याबाई, टाचा मारू नगा म्हनलं हुतं. त्यांनी पत्रा झाळून आनलाय. पुन्हा चिरला तर काय सांगू मी?” आई उतरली, पत्र्यावरून हात फिरवला. “ध्यानातच ऱ्हात न्हाई गं. चढ आला की पाय आपुनच हालतोय.” मग ती रस्त्याच्या कडेला टेकली, माझ्यापासून एवढ्या जवळ की मी हात लांब केला असता तर तिच्या पाठीला लागला असता. म्हणाली, “म्हाळूला म्हनावं काळी मेंढी आज-उद्या व्यती. तिला पांदीकडं नेऊ नगंस.” नदीकाठची मेंढरं कुणाची होती ते मला तेव्हा कळलं. आमचीच ती. म्हणजे मामांची. जी देऊन मी ही गाडी आणली, त्यांना बघायला ती ह्याच गाडीवर बसून येत होती, कारण गुडघ्यांनी एवढं चालवत नव्हतं आणि मला सांगायची सोय नव्हती.

रतन किका मारत होती. मधेच थांबून म्हणाली, “सांगून टाकू का त्यास्नी? म्हस्कूभावजी बी भ्यालेत. मला गाडी त्यांनी शिकवली म्हून हे त्यांचं बूट उलटं करून बगत हुते म्हनं.” आईनं मान हलवली. “नगं,” ती म्हणाली. “त्यो पेट्रोल मोजंल, मग वाटंचं ऊन मोजंल. लई गुणी पोरगं माझं, पर त्याला न्हानपनी राखणीला बसवला त्याच्या आबानं. एवढुसं हुतं, डोळा मिटायचं न्हाई. लांडगा आला तर माझ्या ज्ञानूला पयला कळायचा. आबा म्हनायचं, ह्यो हाय तवर मला झोप लागती.” मग ती वहाणेनं माती उकरत म्हणाली, “मेंढरं गेली, रान गेलं. आमी त्याला राखणीवरनं उठ म्हनायचं इसरून गेलो बघ.”

रतननं पुन्हा किक मारली. गाडी सुरू झाली. आईनं काष्टा सावरला, रतनच्या खांद्याला धरून चढली, आणि पुढं सपाट रस्ता होता तरी सवयीनं एकदा टाच मारली. दोघी हसल्या. आमच्या घरात मी असं हसणं ऐकलं नव्हतं. मी बांधावर बसून राहिलो. उठून पुढं यावं, आईच्या पाया पडावं, असं काहीतरी माणसानं करायला पाहिजे असतं, पण मी पुढं आलो असतो तर त्यांचं येणं संपलं असतं हेही मला समजत होतं. डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. मी खाल्लं आणि खाताना रडलो. ठेच्यामुळं नाही. मग त्या गेल्या त्याच्या उलट्या दिशेला, चढ उतरून मागच्या थांब्यावर जाऊन दौंडची एष्टी धरली.

मच्छिंद्रनं मला बघून हातोडी खाली ठेवली. “घावला का साहेब, बुटवाला?” म्हटलं, घावला. “कोण निघाला?” मी म्हटलं, “घरचाच आहे. सोडून दे.” त्याला ऐकायचं होतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यानं विचारलं नाही. मी त्याला काम सांगितलं. पुढच्या खेपेला दोन्ही पत्रे आणतो. टाच जिथं लागते तिथं आतल्या बाजूनं जाड पत्र्याचं ठिगळ झाळायचं, आणि त्याच्यामागं ट्यूबचं रबर घालायचं, म्हणजे आवाज येणार नाही. बाहेरून रंगाला हात लावायचा नाही. ते अर्धकडे आहेत तसे ठेवायचे. मच्छिंद्र म्हणाला, “मंग पोचे काढून लांबी-पुट्टी भरून देतो की झक्कास. मान्साला केलेलं काम दिसाया नको?” म्हटलं, नको. दिसायलाच नको. तो म्हणाला, “बरं. पर मला येक सांगा, त्याला बूट काडून बस म्हनायला काय हरकत हाय?”  म्हटलं, “बापाचे आहेत.” तो बिडी शोधायला लागला.

ठिगळं मारून झाली. पत्रे जड झाले, रतनला चढावर आणखी कुथावं लागत असेल. घरी मी सांगितलं, गंज काढून आणला. रतननं मान डोलवली. आई पत्र्यापाशी आली, तिनं कुशीवरून हात फिरवला, बोटानं टिचकी मारली. आवाज बदलला होता, भरीव झाला होता. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी फडकं पिळत होतो. ती आत गेली. तिला कळलं का नाही, हे मला आजवर माहीत नाही, आणि मी ते शोधून काढलेलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं ते माझं मला ठाऊक. संशय गेला असं समजू नका. परवाच दौंडला टेबलावरचं टाचणीचं डबडं कुणी हलवलं म्हणून मी शिपायाला उभा केला होता. पण टाकीत ताट बुडवणं सोडलं, आणि किल्लीचं तोंड कुठं आहे ते बघत नाही. म्हणजे डोळा जातो, मी तो ओढून आणतो.

गेल्या खेपेला दौंडहून आलो तो दुपारीच. काही कामासाठी गाडी घेऊन बाजारपेठेत चक्कर मारली आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी हात सवयीनं किल्लीकडं गेला. इंजन बंद करायचं, उतारानं बिनआवाज दारात. मी हात मागं घेतला. गाडी तशीच चालू ठेवली आणि हॉर्न दिला. जुना हॉर्न, घसा बसल्यासारखा वाजतो. वच्छलाबाई दारात आल्या, भावजींना काय झालं म्हणून बघायला. मी पुन्हा दिला. घरातून आईचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू आला. “आला गं. वहाणा उचल.” आत धावपळ झाली. काहीतरी पडलं, दोघी हसल्या, एकमेकींना गप्प केलं. मी दारापर्यंत आलो नाही. गल्लीतच गाडी स्टँडवर लावली, फडकं काढलं आणि आधी डावी बाजू, मग उजवी, असा सावकाश पत्रा पुसत उभा राहिलो, त्यांचं आवरेपर्यंत.